गुणपत्रिका माहेरची, कॉलेज सासरचे

निकाल लागला की आपल्या घरांत पहिला प्रश्न एकच असतो, "किती टक्के?" शेजारी विचारतात, नातेवाईक फोनवर विचारतात, मिठाईचा डबाही त्या आकड्याकडे बघूनच येतो. "सगळे विषय सुटले का?" हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. आम्ही मालेगावच्या एका हायस्कूलमध्ये वीस वर्षे उर्दू आणि मराठी शिकवत आहोत. आमच्या हाताखालून गेलेल्या मुली कॉलेजात गेल्यावरही गुणपत्रिका घेऊन आमच्या घरी येतात, कारण इंग्रजीत छापलेला तो कागद समजावून सांगणारे त्यांच्या घरात बऱ्याचदा कोणी नसते. असे कितीतरी कागद वाचल्यावर आम्हाला एक गोष्ट नक्की कळली आहे. एक कॉलेज सोडून दुसऱ्या कॉलेजात जायची वेळ आली की टक्क्यांच्याही आधी तो दुसरा प्रश्न विचारला जातो.

आणि आपल्या मुलींवर ती वेळ येतेच. मुलगा कॉलेज बदलतो तो बहुधा अधिक चांगल्या कॉलेजच्या ओढीने. मुलगी बदलते ती निकाहामुळे. मालेगाव आणि भिवंडी ही दोन्ही यंत्रमागाची गावे, दोन्ही मुंबई-आग्रा रस्त्यावरची. इकडच्या मुली तिकडे आणि तिकडच्या इकडे, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. सोयरीक जमवताना आपण घर बघतो, मुलाचा कामधंदा बघतो, नमाज-रोजा बघतो. विद्यापीठ कोणी बघत नाही. पण शिकणाऱ्या मुलीसाठी तीही एक सरहद्दच असते.

मालेगाव नाशिक जिल्ह्यात, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली. भिवंडी ठाणे जिल्ह्यात, म्हणजे मुंबई विद्यापीठाखाली. गंमत अशी की मालेगावची मुलगी लग्न होऊन दूर पुण्याला किंवा अहिल्यानगरला गेली तरी तिचे विद्यापीठ तेच राहते. तीच मुलगी तासाभरावरच्या धुळ्याला गेली तर विद्यापीठ बदलते, कारण धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली येतात. उलट भिवंडीची मुलगी पार रत्नागिरीला दिली तरी ती मुंबई विद्यापीठातच राहते. एकाच विद्यापीठात कॉलेज बदलायचे असेल तर जुन्या कॉलेजचा ना-हरकत दाखला, टी.सी. आणि नव्या कॉलेजात रिकामी जागा, एवढ्यावर बरेच काम होते. विद्यापीठच बदलले की मायग्रेशन सर्टिफिकेट लागते, नव्या विद्यापीठाची पात्रता घ्यावी लागते, अभ्यासक्रम जुळतो का ते तपासले जाते. आणि गुणपत्रिकेवरची प्रत्येक ओळ वाचली जाते.

हे सगळे आम्ही आमच्या भाचीच्या निमित्ताने जवळून पाहिले. भाईजानची ही थोरली मुलगी. बारावी सायन्सला गुण चांगले होते, बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. पहिल्या सत्रात गणिताचा एक पेपर थोडक्यात राहिला. घरात कोणी मनावर घेतले नाही. "एटीकेटी आहे ना, पुढच्या वेळी निघेल," असे सगळेच म्हणाले, आणि त्यात चूक काही नव्हते. एटीकेटी म्हणजे 'अलाउड टु कीप टर्म्स', राहिलेले विषय सोबत घेऊन पुढच्या वर्गात बसण्याची परवानगी. आपल्या कॉलेजात राहणाऱ्या मुलामुलीला तिचा मोठाच आधार असतो.

त्याच हिवाळ्यात भिवंडीचे स्थळ आले. मुलगा चांगला, घर चांगले, शिक्षणाला विरोध नाही. निकाह ईदनंतर ठरला. शव्वाल हा आपल्याकडे लग्नांचा महिना. पण हिजरी वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत असल्यामुळे सध्या शव्वाल मार्च-एप्रिलच्या सुमारास येतो, आणि कॉलेजच्या उन्हाळी परीक्षाही तेव्हाच दारात असतात. हॉल ठरला, बावर्ची ठरला, दावतनामे वाटून झाले, आणि मग परीक्षेचे वेळापत्रक लागले. रविवारी भिवंडीत वलीमा, सोमवारी मालेगावात रसायनशास्त्राचा पेपर. भाभीने आमच्याकडे बघितले. आम्ही म्हटले, वलीमा उरकून रात्रीच्या गाडीने मुलीला आणू, पेपर देऊन परत नेऊ. पण नव्या नवरीला वलीम्याच्या रात्री माहेरच्या गाडीत बसवणे कोणाला पटेना. बुजुर्ग म्हणाले, "एक पेपरच तर आहे." पेपर बुडाला.

निकाल आला तेव्हा बाकीच्या विषयांत गुण चांगलेच होते. गणितापुढे नापासाचे 'एफ' होतेच, आता रसायनशास्त्रापुढे गैरहजेरीची खूण आली. ती मालेगावच्याच कॉलेजात राहिली असती तर नियमात बसवून तिला दुसऱ्या वर्षात बसता आले असते. जूनमध्ये आम्ही जावयांबरोबर भिवंडीच्या बाजूच्या एका कॉलेजात गेलो. कचेरीतल्या वयस्क लिपिकांनी गुणपत्रिका हातात घेतली आणि चांगल्या गुणांवरून नजर न थांबवता खाली त्या दोन ओळींवर आले. "मॅडम, हे दोन विषय सोडवून आणा," ते म्हणाले. "मग जागा असली तर बघू. आत्ता फॉर्म घेऊन काही उपयोग नाही."

आम्हाला वाटले होते, एटीकेटी इथेही चालेल. त्यांनी शांतपणे समजावले. राहिलेला पेपर ज्या विद्यापीठाचा, तो घेणार तेच विद्यापीठ. नवे विद्यापीठ जुन्याचा प्रश्नपत्रिकेचा हिशेब पुरा करू शकत नाही. आणि मायग्रेशन घेतले म्हणजे जुन्या विद्यापीठाशी असलेले नाते तोडून घेतले, मग तिथला पेपर द्यायचा कोणत्या नात्याने? म्हणजे जी एटीकेटी आपल्या कॉलेजात पुढे जाण्याची वाट असते, तीच विद्यापीठ बदलताना भिंत होते. हे आमच्या शिक्षकांच्या खोलीतही फार जणांना माहीत नव्हते, आणि मुलींच्या आईवडिलांना ते कोणी सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

आता काही वाचक म्हणतील, नव्या शैक्षणिक धोरणात तर क्रेडिटची बँक आली आहे, मग अडचण कसली? बँक आली आहे, हे खरे. जुलै २०२१ मध्ये यूजीसीने 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे नियम काढले. प्रत्येक विद्यार्थ्याला १२ अंकी ओळख क्रमांक मिळतो, डिजिलॉकरमधून खाते उघडता येते, आणि मिळवलेली क्रेडिट साधारण सात वर्षांपर्यंत जपून ठेवली जातात. महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाप्रमाणे पदवीच्या एका वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट असतात. पण ही बँक कोणत्याही बँकेसारखीच आहे. जे कमावले तेच जमा होते. पास झालेल्या विषयाची क्रेडिट खात्यात येतात, नापास विषयाचे आणि न दिलेल्या पेपरचे काहीच येत नाही. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवून सर्टिफिकेट घेण्याची सोय धोरणात आहे, पण त्यासाठीही वर्षाची सगळी क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम पुरा व्हावा लागतो. आमच्या भाचीचे दोन विषय राहिल्यामुळे तिला तेही मिळण्यासारखे नव्हते.

एका राहिलेल्या विषयाचे वजन किती, ते आम्ही तिला कागदावर मांडून दाखवले. यूजीसीच्या दहा गुणांच्या पद्धतीत 'ओ' म्हणजे १०, 'ए प्लस' ९, 'ए' ८, 'बी प्लस' ७, 'बी' ६, 'सी' ५, नुसता पास म्हणजे ४ आणि नापास म्हणजे ०. समजा एका सत्रात प्रत्येकी ४ क्रेडिटचे पाच विषय आहेत. दोन विषयांत ७, दोन विषयांत ६ आणि एका विषयात ०. क्रेडिटने गुणून बेरीज १०४, तिला २० ने भागले की ५.२. आता तोच पाचवा विषय केवळ काठावर पास, म्हणजे ४ गुणांचा धरा. बेरीज १२०, सरासरी ६. काठावरच्या पासाने आठ दशांश वाढले. आणि हे झाले हिशेबापुरते. कित्येक ठिकाणी नापास विषय शिल्लक असेपर्यंत सरासरीचा आकडा गुणपत्रिकेवर छापलाच जात नाही. त्याची जागा कोरी राहते, आणि नव्या कॉलेजचा माणूस ती कोरी जागाच आधी बघतो.

म्हणून आम्ही आता मुलींना सांगतो, एका विषयात ९० आणि दुसऱ्यात नापास, यापेक्षा सगळ्यांत ५० बरे. ऐकायला हे शिक्षकाच्या तोंडी शोभत नाही. पण जिला मध्येच घर बदलावे लागणार आहे, तिच्यासाठी सगळे विषय सुटलेले असणे ही पहिली कमाई आहे. आकड्याची गरज त्यानंतर लागते. जागा दोन आणि अर्ज पाच आले की मग सरासरीवरूनच नंबर लागतो. तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात इंजिनिअरिंगला जाणाऱ्या आपल्या मुलांनाही हेच लागू आहे. तिथे डिप्लोमाच्या गुणांवरच गुणवत्ता यादी लागते आणि एकेका गुणावर कॉलेज बदलते.

सरासरीचा आकडाही सगळीकडे सारखा वाचला जात नाही, हे पुढचे ध्यानात ठेवण्यासारखे. ६.२५ या सरासरीचे टक्के किती? कोणी सरळ दहाने गुणून ६२.५ म्हणेल. तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या कोष्टकाने पाहिले तर तेच ५५ टक्के होतात. साडेसात टक्क्यांचा फरक! प्रत्येक विद्यापीठाचे सूत्र आपापले असते. त्यामुळे आपल्या विद्यापीठाचे सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापलेले आहे का ते बघावे, नसेल तर टक्क्यांत रूपांतराचा दाखला मागून घ्यावा. आपल्या कित्येक मुलींना पुढे बी.एड. करायचे असते. त्यासाठी एनसीटीईच्या नियमात पदवीला साधारणपणे किमान ५० टक्क्यांची अट आहे. काठावरच्या मुलीच्या बाबतीत हे रूपांतर तिच्या नोकरीची वाट उघडू किंवा बंद करू शकते.

भाचीच्या बाबतीत आमच्यापुढे तीन वाटा होत्या. एक, तिने मालेगावात राहून दुसरे वर्ष करायचे. पण बी.एस्सी.ला हजेरी आणि प्रात्यक्षिके असतात, नवी नवरी वर्षभर माहेरी ठेवणे दोन्ही घरांना जमणारे नव्हते. दुसरी, सायन्स सोडून मुक्त विद्यापीठात बी.ए.ला पहिल्यापासून सुरुवात करायची. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, उर्दूतून शिकायचे तर हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचे दूरशिक्षण आहे. या वाटा चांगल्याच आहेत, आमच्या कितीतरी विद्यार्थिनी त्यांवरून पदवीधर झाल्या. पण हिला रसायनशास्त्रच हवे होते. तिसरी वाट, एक वर्ष थांबून दोन्ही पेपर मालेगावच्या केंद्रावरून सोडवायचे आणि मग स्वच्छ गुणपत्रिकेवर भिवंडीत दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा.

वर्ष वाया जाईल म्हणून भाईजान खट्टू झाले. निर्णय शेवटी तिच्या सासूबाईंनी केला. त्या स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या. म्हणाल्या, "हम बहू लाए हैं, उस की पढ़ाई छुड़ाने नहीं गए थे." हिवाळ्यात गणिताचा पेपर, उन्हाळ्यात रसायनशास्त्राचा. दोन्ही वेळा जावई रात्रपाळी संपवून तिला घेऊन मालेगावला आले. ती आत पेपर लिहीत असताना ते केंद्राबाहेर रिक्षात बसून झोपले. मधल्या महिन्यांत ती घरची कामे आटोपून अभ्यास करायची आणि अडले की आम्हाला फोन करायची, "फुप्पी, हे गणित तुमच्या शाळेतल्या सरांना विचारून सांगा ना." सरांनीही कधी कंटाळा केला नाही.

पेपर सुटले. नव्या कॉलेजात त्या वर्षी सायन्सच्या दुसऱ्या वर्षात मोजक्याच जागा रिकाम्या होत्या आणि अर्ज त्याहून जास्त होते. तेव्हा मात्र तिची सरासरी कामाला आली. कचेरीतले तेच वयस्क लिपिक फाइल चाळून म्हणाले, "आता कसं, सगळं सुटसुटीत आहे." ती आज दुसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणींच्या एक वर्ष मागे आहे, याची तिला खंत वाटत नाही असे नाही. पण ती वर्गात आहे.

या धावपळीत आम्हाला कळलेल्या आणखी काही गोष्टी इथे नोंदवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट वेळेची. बदल करायचाच तर पहिल्या वर्षानंतरचा त्यातल्या त्यात सोपा. क्रेडिट बँकेच्या २०२१ च्या नियमांत, ज्या संस्थेतून पदवी घ्यायची तिथे किमान निम्मी क्रेडिट मिळवलेली असावीत अशी अट आहे. तीन वर्षांच्या पदवीतली दोन वर्षे माहेरी झाली असतील तर सासरच्या कॉलेजात एक तृतीयांशच उरतात. म्हणून मुलगी दुसऱ्या वर्षाच्या पुढे गेली असेल तर आमचा आग्रह असतो की तिसरे वर्ष आटोपूनच रुखसती करा. निकाह आधी करायचा असेल तर करा, रुखसती वर्षभराने. आपल्याकडे ही रीत काही नवी नाही.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या मुलींची नावे कागदोकागदी वेगळी असतात. आधारवर शेख आधी, गुणपत्रिकेत शेवटी. एकीकडे बानो आहे, दुसरीकडे नाही. त्यात निकाहानंतर घाईने नवऱ्याचे नाव लावले की क्रेडिटच्या खात्यातले नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळत नाही. पदवी हातात येईपर्यंत नाव बदलू नये. शरीअतनेही मुलीला वडिलांचे नाव सोडायला सांगितलेले नाही.

तिसरी गोष्ट कागदांची. टी.सी. आणि मायग्रेशन काढण्याआधी नव्या कॉलेजात जागा आहे का आणि विषय जुळतात का ते विचारून घ्यावे. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची कॉलेजच्या शिक्क्यानिशी प्रत, क्रेडिट खात्याचा क्रमांक हे एका फाइलमध्ये असावे. जुन्या कॉलेजने क्रेडिट खात्यात भरली आहेत का, तेही डिजिलॉकरमध्ये उघडून बघावे. नसतील तर मुलगी गावात असतानाच पाठपुरावा सोपा जातो. ही फाइल जहेजच्या पेटीत तळाशी जाऊ नये, मुलीच्या स्वतःच्या हातात असावी.

चौथी गोष्ट बोलण्याची. "मुलीला शिकवू" असे सोयरीक जमवताना सगळेच म्हणतात, आणि बहुतेकांची नियतही चांगली असते. पण पुढचे कॉलेज कोणते, ते घरापासून किती दूर, फी कोण भरणार, परीक्षेला कोण सोबत जाणार, हे कोणी बोलत नाही. निकाहनाम्यात शिक्षणाची अट लिहून घेता येते. मेहेर लिहिताना आपण लाजत नाही, मग हे लिहिताना तरी का लाजावे? मुलीने मेहनतीने कमावलेली क्रेडिट तिची मिळकतच आहे.

आता आमच्याकडे दावतनामा घेऊन कोणी आले आणि मुलगी कॉलेजात असली की आम्ही मुबारकबाद देतो आणि लगेच विचारतो, "परीक्षा कधी आहे?" काही जणांना ते आवडत नाही. मागच्या महिन्यात मात्र एक वडील तारीख ठरवण्याआधीच आले. त्यांच्या एका हातात कॅलेंडर होते आणि दुसऱ्या हातात मुलीच्या कॉलेजचे वेळापत्रक. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून त्यांनी विचारले, "उस्तानी, शेवटचा पेपर कोणत्या तारखेला, ते जरा नीट बघून सांगता का?" आम्ही बघितले, आणि त्या तारखेनंतरचे चार दिवस सोडून पाचव्या दिवसावर बोट ठेवले.